बडोद्याच्या नकाशात बाबासाहेबांना खोली नव्हती

आमच्या वस्तीत दर दोन-तीन वर्षांनी आर्किटेक्चर कॉलेजचे विद्यार्थी येतात. हातात टेप, गळ्यात कॅमेरा, पाठीला शीट ठेवायची लांब नळी. तीन-चार दिवस गल्ल्या मोजतात, घरांचे फोटो काढतात, नळ किती, संडास किती, एका खोलीत माणसे किती हे फॉर्मवर उतरवतात. आयाबाया त्यांना चहा देतात. मग ते जातात ते परत येत नाहीत. काही वर्षांपूर्वी अशाच एका गटाच्या प्रदर्शनाचे बोलावणे आले, म्हणून आम्ही चार कार्यकर्ते गेलो. पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये आमची वस्ती सुंदर उभी केली होती. पण ज्या विहारात संध्याकाळी पोरांची अभ्यासिका चालते, जयंतीच्या बैठका होतात, त्या जागेवर लिहिले होते, ‘मोकळी जागा, पार्किंगसाठी प्रस्तावित’. सार्वजनिक संडासांची संख्या, घरापासूनचे अंतर, पाण्याची वेळ, सगळे शीटवर होते. ते संडास कोण साफ करते, याचा रकाना मात्र फॉर्ममध्येच नव्हता.

आम्ही निघालो तेव्हा त्या गटातली एक मुलगी जिन्यापर्यंत मागे आली आणि हळू आवाजात ‘जय भीम’ म्हणाली. ते विहार आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळले होते. वर्गात ती बोलली नव्हती. बोलली असती तर ‘तुला कसे माहीत?’ हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचे उत्तर द्यायची तिची तयारी नव्हती.

आम्हाला त्या मुलीवर टीका करायची नाही. ज्या वर्गात तिला गप्प बसावे लागले, त्या वर्गाचा इतिहास आम्हाला तपासायचा आहे. हल्ली शिक्षणाच्या बाजारात ‘प्रोजेक्टवर आधारित शिक्षण’ आणि ‘आंतरविद्याशाखीय शिक्षण’ हे शब्द नव्या मालासारखे विकले जातात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही बहुविद्याशाखीय शिक्षणाचा गजर केला. जणू काही वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी एकत्र बसून खऱ्या प्रश्नावर काम करायचे ही कल्पना कालपरवा जन्मली! ती जुनी आहे. आपल्या देशात ती शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेली, मुंबई विद्यापीठात तिने घर केले, आणि बाबासाहेबांच्या आयुष्याच्या अगदी जवळून ती गेली. तरी तिला जात का दिसली नाही, हा आमचा प्रश्न आहे.

आधी ‘प्रोजेक्ट’ या शब्दाचे कूळ पाहू. हा शब्द शिक्षणात आला तोच मुळी वास्तुकलेतून. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोमच्या कला-अकादमीत विद्यार्थ्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. १६७१ साली पॅरिसमध्ये राजाश्रयाने वास्तुकलेची अकादमी निघाली आणि तिथे स्पर्धेतला आराखडा हा शिक्षणाचाच भाग बनला. विद्यार्थ्याला एक इमारत कल्पून तिचा आराखडा काढायला सांगत आणि परीक्षक त्यावर निकाल देत. आज आर्किटेक्चर कॉलेजात जो ‘स्टुडिओ’ आणि जी ‘ज्युरी’ चालते, तिचे मूळ इथे आहे. आता ती कल्पित इमारत कुणाची? राजवाडा, चर्च, स्मारक. या पद्धतीने हात तयार होई, नजर तयार होई. पण राजवाड्याच्या आराखड्यात भंगी कुठे राहील हा प्रश्न कुणी विचारत नसे. प्रश्न ठरवणारा वर आणि सोडवणारा खाली, ही उतरंड प्रोजेक्टच्या जन्मापासूनची आहे.

पुढे हाच शब्द तंत्रशाळांमधून अमेरिकेत गेला आणि शालेय शिक्षणात शिरला. १९१८ साली विल्यम किलपॅट्रिक यांनी ‘द प्रोजेक्ट मेथड’ हा निबंध लिहिला आणि तो जगभर गाजला. किलपॅट्रिक कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात शिकवत आणि स्वतःला जॉन ड्यूई यांचे अनुयायी मानत. ड्यूईंचे म्हणणे असे की, शाळा ही आयुष्याची तालीम नसून प्रत्यक्ष आयुष्य आहे. माणूस एकमेकांबरोबर काम करताना शिकतो. आणि लोकशाही म्हणजे मुळात मिळून जगण्याची रीत. त्यांचे ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ १९१६ साली आले. त्याच काळात, १९१३ ते १९१६, कोलंबियात ड्यूईंच्या वर्गात एक विद्यार्थी बसत होता, त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेब तिथे फक्त अर्थशास्त्र शिकत नव्हते. समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे अनेक विषय त्यांनी घेतले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त वर्ग, आणि तो बंदिस्त राहतो जातीअंतर्गत लग्नाने, ही त्यातली मांडणी आपल्याला पाठ आहे. पण त्याची पद्धत पाहा. एका विषयाच्या चौकटीत हा प्रश्न सुटणार नाही हे ओळखून त्यांनी चार विषयांची हत्यारे एका प्रश्नावर चालवली. आंतरविद्याशाखीय म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आता दुसऱ्या माणसाकडे येऊ. पॅट्रिक गेडिस, जन्म १८५४, स्कॉटलंडचे. मूळ वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. एडिंबरोच्या जुन्या भागातल्या पडक्या, गर्दीच्या वस्तीत ते आणि त्यांची पत्नी अ‍ॅना स्वतः राहायला गेले, चाळीसारखी घरे दुरुस्त केली आणि विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. १८९२ मध्ये त्यांनी तिथल्या एका जुन्या मनोऱ्यात ‘आउटलुक टॉवर’ सुरू केले. वरच्या मजल्यावरून आधी अख्खे शहर डोळ्यांनी पाहायचे, मग एकेक मजला उतरत शहर, देश, जग यांचा अभ्यास करायचा, अशी ती शाळाच होती. त्यांचा मंत्र होता, आधी पाहणी, मग आराखडा. पाहणी करायची तीन गोष्टींची: जागा, काम आणि माणसे. भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र आल्याशिवाय शहर कळत नाही, असे ते सांगत.

१९१४ साली गेडिस भारतात आले आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांनी जवळपास पन्नास शहरांची पाहणी केली. गल्लीगल्लीतून पायी फिरायचे, घर-विहीर-झाड टिपायचे, मग बोलायचे. तेव्हा प्लेगच्या नावाखाली शहरांत सरसकट पाडापाडी चालली होती. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले आणि एकखोलीच्या चाळी बांधल्या. गेडिस अशा पाडापाडीचे कडवे विरोधक होते. सरळ रस्ता काढण्यासाठी शेकडो घरे पाडण्यापेक्षा एखादी पडकी भिंत हटवा, थोडी मोकळी जागा करा, विहीर दुरुस्त करा, लोकांना हलवू नका, असे ते म्हणत. हे त्यांचे मोठेपण आम्ही मान्य करतो. आजचा बुलडोझर पाहिला की गेडिस जवळचे वाटतात.

पण आता दोन वर्षे शेजारी ठेवून पाहा. १९१६ साली गेडिस यांचा बडोदा शहराच्या विकासावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. सयाजीरावांचे संस्थान, त्या काळातले सुधारलेले शहर, आणि पाहणी करणारा जगातला नामवंत नगररचनाकार. दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर १९१७ मध्ये, त्याच बडोद्यात कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी उतरले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव धारण करून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगून गेले. एका हिंदू मित्राने कारण सांगितले, एका ख्रिस्ती मित्राने कारण सांगितले. गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कमाटी बागेत बसून राहिले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी हे सगळे लिहून ठेवले आहे.

मित्रांनो, या दोन गोष्टी शाळा-कॉलेजात कधी एकत्र शिकवल्या जातात का? नगररचनेच्या वर्गात गेडिस शिकवतात, आंबेडकर जयंतीच्या भाषणात बडोदा सांगतात. पण बडोदा एकच होते! गेडिस यांच्या पद्धतीत जागा होती, काम होते, माणसे होती. पण शहरातली जागा जातीने वाटलेली असते, काम जातीने वाटलेले असते आणि माणसे एकमेकांना खोली देताना आधी जात विचारतात. हे तिन्हींना बांधणारे सूत्र हातून सुटले तर पाहणी कितीही पायी फिरून केली तरी अर्धीच राहते. बडोद्यात रिकामी खोली नव्हती असे नाही. बाबासाहेबांसाठी नव्हती. रिकाम्या खोल्या मोजणाऱ्याला हा फरक फॉर्मवर दिसत नाही, दार ठोठावणाऱ्याला पहिल्या दारातच कळतो.

दुसरे उदाहरण इंदूरचे. बाबासाहेबांचा जन्म झाला ते महू इंदूरपासून काही कोसांवर. १९१८ मध्ये गेडिस यांचा इंदूर दरबारला दिलेला दोन खंडांचा अहवाल आला. त्यात सांडपाण्यापासून नव्या विद्यापीठाच्या कल्पनेपर्यंत सगळे आहे. प्लेगने लोक घाबरलेले, आणि आराखडे करणाऱ्या या गोऱ्या साहेबाकडे संशयाने पाहणारे. तेव्हा गेडिस यांनी दिवाळीत एक मोठी मिरवणूक काढली. ज्या भागातली घरे-अंगणे जास्त स्वच्छ, त्या भागातून मिरवणूक जाणार, असे जाहीर केले. लोकांनी घरे झाडली, रंगवली. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, शहराची देवी होती, आणि शहरातले सफाई कामगारही होते. पांढरे स्वच्छ कपडे, नवे फेटे, सजवलेल्या कचरागाड्या, फुले. ज्यांची सावली टाळायची त्यांना शहराने मानाने रस्त्यावरून नेले. शिक्षण म्हणून, लोकसहभाग म्हणून या प्रसंगाचे कौतुक आजही होते.

आम्हालाही त्या दिवसाचा आनंद कमी लेखायचा नाही. त्या माणसांच्या आयुष्यात तो दिवस मोठाच असणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू कुणाच्या हातात होता? त्याच माणसाच्या. त्याच्या मुलाच्याही हातात तोच आला. झाडूला हार घालणे सोपे आहे, झाडू एका जातीच्या हातून काढणे अवघड आहे. शंभर वर्षांनंतरही स्वच्छतेच्या सरकारी कार्यक्रमांत सफाई कामगारांचे पाय धुतले जातात, फोटो निघतात, आणि गटारात उतरणारा माणूस तोच राहतो. सन्मानाच्या नाटकाने जात जात नाही, हे आपण तेव्हाच ओळखायला हवे होते.

१९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या नव्या विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. विभागाच्या नावातच समाज आणि शहर जोडलेले होते. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९१८ पासून, बाबासाहेब मुंबईत सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी पिण्यावर तिथल्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. राहायला ते परळच्या बी.आय.टी. चाळीत होते. बी.आय.टी. म्हणजे तोच बॉम्बे इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट. चाळ क्रमांक १, खोली ५० आणि ५१. याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ निघाला. म्हणजे शहराचे शास्त्र विद्यापीठात सुरू होत होते आणि त्या शहराचा सर्वांत अचूक अनुभव असलेला अभ्यासक ट्रस्टच्या चाळीत राहत होता. एकाने शहर वरून खाली पाहिले, दुसऱ्याने खालून वर.

१९२४ मध्ये गेडिस प्रकृतीमुळे भारत सोडून गेले. विभाग गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. घुर्ये हे गेडिस यांचेच विद्यार्थी, आणि गेडिस यांच्याकडे त्यांनी निबंध लिहिला होता तो मुंबई शहरावर. पण पुढे त्यांच्या हाताखाली समाजशास्त्र प्रामुख्याने ग्रंथ, संस्कृती, वंश यांकडे वळले. तिकडे जे.जे. मध्ये १८९६ साली ड्राफ्ट्समनचे वर्ग निघाले होते आणि १९१३ पासून वास्तुकलेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम चालू होता. नगररचनेचे स्वतंत्र शिक्षण १९५५ मध्ये दिल्लीत सुरू झाले. १९६२ मध्ये अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा निघाली आणि दहा वर्षांनी तिच्या जोडीला नगररचनेची. या संस्थांनी मोठी माणसे घडवली. पण एक फाळणी होऊन गेली ती गेलीच. जात एका इमारतीत शिकवायची, शहर दुसऱ्या इमारतीत. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, दोन वर्षांत एकदाही हातात नकाशा धरला नाही. आर्किटेक्चर करणारे आमचे मित्र पाच वर्षे नकाशे काढतात, त्यांच्या टेबलावर ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ कधी आलेले नसते. दोघांनाही पदवी मिळते, आणि वस्तीचा प्रश्न दोघांच्या मधल्या फटीत पडतो.

ही फट किती महागात पडते त्याचे एक उदाहरण देतो. मुंबईत महापालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहती आहेत. घर नोकरीला बांधलेले. बाप निवृत्त झाला किंवा मेला की घर सोडायचे, नाहीतर घरातल्या कुणीतरी त्याच्या जागी लागायचे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला नोकरीचा हक्क दिला. गरीब कुटुंबाला तो आधारच आहे, आम्ही तो नाकारत नाही. पण याचा अर्थ असाही होतो की शिकलेल्या पोराला आईच्या डोक्यावरचे छप्पर टिकवायला झाडू धरावा लागतो. आता ही वसाहत नव्याने बांधायची आहे असे समजा. खिडकी कुठे ठेवायची हे आर्किटेक्ट सांगेल. इमारत किती मजली हे नगररचनाकार सांगेल. घर कुणाच्या नावावर असावे, नोकरी आणि छप्पर यांची गाठ कशी सोडवायची, हे कोण सांगेल? त्याला कायदा लागतो, कामगार चळवळ लागते, जातीचे समाजशास्त्र लागते आणि त्या घरात वाढलेले माणूस लागते. हे सगळे एका टेबलावर बसले तर त्याला आम्ही आंतरविद्याशाखीय प्रोजेक्ट म्हणू. बाकी सगळा सहलीचा प्रकार आहे.

असे टेबल आपल्याकडे कधीच नव्हते असेही नाही. महाड आठवा. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सार्वजनिक होते. प्रत्यक्षात आपल्या माणसांना तिथे ओंजळ भरता येत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह ते पाणी पिऊन नकाशा आणि वास्तव यांतले अंतर जगाला दाखवले. नंतर कोर्टात लढाई झाली ती तळे कुणाच्या मालकीचे आणि वापराची ‘रूढी’ किती जुनी, यावर. नगरपालिकेचे दप्तर, इतिहास, कायदा, साक्षी, सगळे बाबासाहेबांनी उभे केले. १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. महाड हा सत्याग्रह होता, त्याला कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण शहराची पाहणी कशी करावी हे शिकायचे असेल तर त्याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही. तिथे प्रश्न विचारणारे आणि प्रश्न भोगणारे एकच होते.

काही मित्र म्हणतील, आर्किटेक्चर हे पैसेवाल्यांचे शिक्षण, आपल्या पोरांनी त्याच्या नादी का लागावे? फी, शीट, मॉडेलचे सामान, लॅपटॉप, खर्च खरोखरच कंबर मोडतो. इंग्रजीतली ज्युरी आत्मविश्वास मोडते. हे खरे आहे, आणि म्हणूनच शिष्यवृत्तीची लढाई आपल्याला लढावी लागेल. पण ज्या टेबलावर आपल्या वस्तीचा आराखडा निघतो तिथे आपण नसलो तर विहाराच्या जागी पार्किंग येणारच. बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडून शहराकडे जायला सांगितले. शहराने आपल्याला कुठे बसवायचे, हे मात्र आपण दुसऱ्यांच्या हाती सोडून दिले.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. जी संस्था आमच्या वस्तीत विद्यार्थी पाठवेल, तिने आधी वस्तीतल्या लोकांबरोबर बसून प्रश्न ठरवावा. काम झाले की नकाशा आणि अहवाल मराठीत वस्तीला परत द्यावा, कारण ती माहिती आमची आहे. ज्युरीत वस्तीतली दोन माणसे असावीत, त्यात एक बाई असावी. फॉर्ममध्ये तीन रकाने वाढवावेत: सफाई कोण करते, पाणी आधी कुणाला मिळते, आणि भाड्याने खोली कुणाला नाकारली जाते. नगररचनेच्या पहिल्या वर्षी गेडिसबरोबर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचायला द्यावे. आणि आपल्या समाजशास्त्राच्या, कायद्याच्या, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या बोलावण्याची वाट पाहू नये. आपल्याच वस्तीचा नकाशा आपण काढायला घ्यावा. टेप दुकानात मिळतो.

आम्ही गेल्या वर्षी सुरुवात केली. विहारातल्या अभ्यासिकेची दहावी-बारावीची पोरे रविवारी गल्ल्या मोजतात, म्हाताऱ्यांना विचारून कोणती चाळ कधी उठली, कोणता नळ कुणी आणला ते लिहून घेतात. नकाशा वाकडातिकडा आहे. प्रमाण चुकते, पुसून परत काढावे लागते. जिन्यात ‘जय भीम’ म्हणालेल्या त्या मुलीला आम्ही निरोप पाठवला होता. ती आता महिन्यातून एका रविवारी येते, पोरांना प्रमाण कसे धरायचे ते शिकवते. त्या नकाशात विहार पहिल्यांदा तिनेच काढले आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिले.

जय भीम.